मऊ हाडांची तीन वर्षं

मी ज्या आजारातून उठले त्याला आमच्या भागात नावच नव्हतं. कुणी वात म्हणे, कुणी बाहेरची बाधा म्हणे, आणि बहुतेक जण आळस म्हणत. पुढं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, पण ते मला काही उच्चारता येईना. तेव्हा त्या म्हणाल्या, हाडं मऊ होण्याचा रोग म्हण, तेवढं पुरे.

गेल्या काही दिवसांत खालापूर-कर्जतकडच्या पाच-सहा बायका येऊन मला याबद्दल विचारून गेल्या. एकजण तर मुलीला बरोबर घेऊन पाळीच्या दुखण्याचं निमित्त करून आली होती. प्रत्येकीला तेच सांगता सांगता वाटलं, एकदा लिहूनच ठेवावं. माझे वडील मावळात शाळामास्तर होते, त्यामुळं मला लिहिता येतं. औषधाचं शास्त्र मला कळत नाही. माझ्यावर काय गुजरलं तेवढं सांगते.

सासर

चौदाव्या वर्षी मी घाट उतरून सासरी आले. खालापूरच्या अलीकडं आमचं गाव, घर जमीनदाराचं. माहेरी मी वडिलांच्या गाईमागं माळावर हिंडत असे, पाणी आणायला दिवसातून चार वेळा ओढ्यावर जात असे. सासरी आड मागच्या पडवीतच होता आणि त्यावरही छप्पर होतं. घरात गोषा होता. बायकांनी ओटीवर यायचं नाही, अंगणात यायचं नाही. लग्नकार्याला जायचं झालं तर छकड्याला चहूबाजूंनी पडदा बांधून. माजघरात भर दुपारी सुईत दोरा ओवायचा तर दाराशी यावं लागे.

मला त्याचं दुःख होतं असं आता लिहिलं तर ते खोटं होईल. मानाचं घर मिळालं म्हणून माहेरची माणसं खूश होती, आणि मीही होते. माहेरून आले तेव्हा काळी होते, वर्षात रंग उजळला, तर सासूबाईंनी कौतुक केलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू.

नऊ वर्षांत माझी चार बाळंतपणं झाली. दर बाळंतपणात सव्वा महिना कोंदट खोलीत, खिडकीला बोळे, खाली शेगडी. एक मूल अंगावर पीत असे तोवर दुसऱ्याचे दिवस राहत. दूधदुभतं घरात होतं, पण आधी पुरुष, मग पोरं, मग म्हातारी माणसं. आमच्यापर्यंत ताक पोचे. कुणी मुद्दाम उपाशी ठेवलं नाही. रीतच तशी होती.

सुरुवात

तिसरी मुलगी कमळ झाली आणि त्यानंतर कंबर धरली ती सुटेना. आधी वाटलं, बाळंतपणाची कंबर आहे, शेकानं जाईल. मग मांड्या दुखू लागल्या. दुखणं वरचं नव्हतं. आत, हाडातच कुणीतरी चेपतंय असं वाटे. बरगडीवर मुलीचं डोकं टेकलं तरी डोळ्यांत पाणी येई.

माजघरातून स्वयंपाकघरात जायला एक पायरी होती. एके सकाळी ती मला चढता येईना. पाय उचलायचा म्हटलं तरी मांडी उचलेना. मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी नाही असं बघून दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय पायरीवर ठेवला. पुढं वर्षभर मी तसंच केलं, आणि कुणाला दिसणार नाही याची काळजी घेतली. जमिनीवरून उठायला भिंत लागू लागली. चालताना अंग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुके. माझी थोरली, शेवंता, सहा वर्षांची असेल. बाहुलीला झुलवत चालवायची आणि म्हणायची, ही बघा आमची आई. घरातल्या बायका हसायच्या. मीही हसले.

मग हात आखडायला लागले. भाकरी थापता थापता बोटं एकमेकांना चिकटून ताठ व्हायची, मनगट आत वळायचं, घटकाभरानं सुटायचं. त्यावरून बाधा ठरली. देवऋषी आला, लिंबं कापली, उतारा टाकला. वैद्यांनी वात सांगून निर्गुडीच्या तेलानं रगडायला लावलं. रगडणारी बाई अंगानं दणकट होती. तिच्या हाताखाली मी तोंडात पदर कोंबून पडून राही. कुणाची चूक म्हणून हे सांगत नाही. ज्याला जे ठाऊक होतं ते त्यानं केलं.

आत्याबाई मात्र एकच म्हणत, की आमीबी पोरं काढली, आमी काय भिंती धरून चाललो नाय.

चौथं बाळंतपण

ते मी थोडक्यात लिहिते. तीन दिवस कळा आल्या. सुईण आमच्याच घरची पिढीजात होती, हाताला गुण असलेली. तिसऱ्या दिवशी ती रडायला लागली आणि म्हणाली, वाट नाय गं बाय, वाटच नाय. मग यजमानांनी कर्जतहून डॉक्टर आणवले. मूल मेलेलंच निघालं. मुलगा होता. हातापायांनी धड होता.

जाताना डॉक्टर यजमानांना म्हणाले, बाईंच्या कमरेच्या हाडात काहीतरी बिघाड आहे, मुंबईला दाखवा. पुन्हा दिवस राहिले तर मी येऊनही उपयोग होणार नाही.

त्यानंतर सहा महिने मी अंथरुणावर होते. कूस बदलायला माणूस लागे. आमच्याकडं हिरी नावाची ठाकरीण परसदारी लाकडाची मोळी टाकायला यायची. ती दारातून मला पाही. एकदा आत कुणी नव्हतं आणि मला बाहेर जायची निकड होती. तिनं मोळी टाकली, आत आली, मला लहान पोरासारखं पाठुंगळी घेतलं, नेलं आणि परत आणून निजवलं. मला तेव्हा रडू आलं ते दुखण्यानं नव्हे.

यजमान दिवसा माजघरात येत नसत, तशी रीत नव्हती. एका दुपारी ते आले आणि माझ्या अंथरुणाशी बसले. म्हणाले, "मुंबईला जायचं. आईला मी सांगितलंय."

आत्याबाईंनी दोन अटी घातल्या होत्या. डॉक्टर बाईच पाहिजे, आणि वाटेत पडदा पाहिजे.

डोली

छकड्याचे धक्के मला सोसले नसते. म्हणून खोपोलीच्या स्टेशनापर्यंत डोली केली. हिरीचा नवरा आणि तिचे तीन दीर खांदेकरी होते. त्यांनी पावलं अशी जुळवली की डोलीत भरला तांब्या ठेवला असता तरी पाणी सांडलं नसतं. पडद्याला एक फट होती. त्या फटीतून मला घाटाखालचा मोठा नळ दिसला, ज्यातून डोंगरावरचं पाणी खाली वीजघरात येतं म्हणतात तो. नऊ वर्षं मी त्याच्यापासून दोन कोसांवर राहत होते आणि तो पहिल्यांदाच पाहत होते.

हाडांचा फोटो

दवाखाना फक्त बायकांचा होता. डॉक्टरीणबाई वयानं पन्नाशीच्या, जातीनं पारशी. मराठी बोलत, पण आपल्या पद्धतीनं. त्यांनी आधी नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. खुर्चीपासून खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. मी चालले. सात-आठ पावलं असतील, तेवढ्यात घाम फुटला. त्या मान हलवत म्हणाल्या, असं चालणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्यात.

मग नडगीचं हाड अंगठ्यानं दाबलं आणि मी ओरडले तेव्हा सोडलं. मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं, दूध पितेस का, मासळी खातेस का, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, "उन्हात कधी बसते तू?"

मी आठवायला लागले. संक्रांतीला पडद्याच्या छकड्यातून गेले होते. त्याआधी धाकट्या नणंदेच्या लग्नात मांडवात, तोही वरून झाकलेला. माहेरी जाणं सहा वर्षांत झालं नव्हतं. मी म्हटलं, बसत नाही.

"मग हाडाने काय करावं?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला एका अंधाऱ्या खोलीत नेऊन यंत्राखाली निजवलं आणि आतल्या हाडांचा फोटो काढला. तो त्यांनी खिडकीच्या काचेवर धरला आणि यजमानांना नि मला दाखवला. मला आधी धुरासारखं काहीतरी दिसलं. त्यांनी बोटानं कड दाखवली. कमरेचं हाड वाटोळं असायला हवं, माझं दोन्ही बाजूंनी आत दबून पुढं चोचीसारखं निघालं होतं. अंगाच्या भारानंच ते दबलं होतं. त्या म्हणाल्या, हाडात चुना असतो, त्यानं हाड कठीण होतं. तो चुना दुधातून, नाचणीतून, मासळीतून पोटात जातो. पण अंगाला ऊन लागलं नाही तर पोट तो घेतच नाही, आणि असलेलं सगळं पोटातलं मूल नि अंगावरचं मूल ओढून नेतं. कच्चं मडकं असतं ना, बोट लावलं की दबतं, तशी हिची हाडं झालीत.

मी विचारलं, म्हणजे मी आळशी नव्हते?

त्यांना प्रश्न कळला नाही. यजमानांना कळला. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग त्यांनी यजमानांना स्पष्ट सांगितलं, की दोन वर्षं मूल होता कामा नये. हे आमच्यासमोर एका बाईनं असं उघड बोलावं याची आम्हा दोघांनाही सवय नव्हती. यजमानांचे कान लाल झाले. पण त्यांनी मान डोलावली, आणि तो शब्द पाळला.

गच्ची

साडेतीन महिने मी तिथं होते. दिवस ठरलेला असे. पहाटे तोंड धुवून दूध, मग मोठा चमचा माशाचं तेल, चुन्याची पूड पाण्यातून, आणि आठ वाजता गच्ची. चाकाच्या खाटा दोन आया मिळून ढकलत न्यायच्या. गच्चीला पुरुषभर उंचीचा कठडा होता, बाहेरचं कुणी पाहणार नाही असा. तिथं पोटऱ्या, दंड, पाठ उघडी टाकून दोन तास पडायचं. दहाला खाली. मग न्याहारी, हलक्या हातानं चोळणं, जेवण, झोप. गादीखाली फळ्या असत, कंबर झुकू नये म्हणून.

पहिल्या दिवशी मी लुगडं घोट्यापर्यंत ओढून धरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. आयानं पदर बाजूला केला तेव्हा मी तिचा हात झिडकारला. चौथ्या दिवशी मीच पालथी झाले. पाठीवर ऊन उतरत गेलं तशी मला माहेरच्या माळावरची सकाळ आठवली. किती दिवसांत ती आठवलीच नव्हती.

शेजारच्या खाटेवर खतिजाबी होती. मुंबईतच चौथ्या मजल्यावर, जाळीच्या खिडकीआड राहणारी. आजार तोच. माशाचं तेल घशाखाली उतरेना तेव्हा तिनं मला युक्ती शिकवली. आधी दाढेखाली लवंग धरायची, मग नाक दाबून तेल, आणि लगेच लवंग चावायची. "दोन गावं, दोन देव, आणि हाडं एकसारखी," असं ती म्हणे. ती माझ्याआधी घरी गेली, काठी न घेता. पुढं तिची खबर मिळाली नाही. लवंग मी अजून सगळ्यांना सांगते.

तिसऱ्या आठवड्यात रात्रीची झोप लागू लागली. सहाव्या आठवड्यात बोटं आखडायची थांबली. दुसरा महिना सरताना मी खाटेवरून आधाराशिवाय उठले. ही प्रगती फार हळू होती. कित्येक दिवस काहीच पुढं सरकलं नाही असं वाटायचं. या आजारात पडलेल्या बाईला मी हेच पहिलं सांगते, की दर दिवशी मोजू नको, महिन्यानं मोज.

पेणचं स्थळ

यजमान पंधरा दिवसांनी एकदा येत. एकदा आले ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. मुलींचं सांगून झालं, भाताचं सांगून झालं. मग म्हणाले, आईनं पेणला एक स्थळ पाहून ठेवलंय. घराला मुलगा पाहिजे म्हणते.

मी विचारलं, "इकडून काय उत्तर झालं?"

"अजून काही बोललो नाही," ते म्हणाले.

नाही म्हणालो, असं ते म्हणाले नाहीत. ते गेल्यावर मी फार वेळ भिंतीकडं तोंड करून पडले. त्या आठवड्यात मी तेल घेतलं, ऊन घेतलं, पण कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं. भीती काय ते मला त्या दिवसांत कळलं. मरणाची नव्हे, बरं होऊन अडगळ म्हणून जगण्याची. डॉक्टरीणबाईंना कुणी काही सांगितलं असेल नसेल, त्या एका सकाळी माझ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, तुझे पाय तुझे आहेत, ते कुणासाठी बरे करते तू? त्या दिवसापासून मी चालण्याची पावलं वाढवली.

वालाच्या शेंगा

मी घरी आले ते थंडीचे दिवस होते. पायरी मी हात न लावता चढले. मुली बघत राहिल्या. आत्याबाईंनी मीठमोहरी ओवाळून टाकली, पण डॉक्टरीणबाईंचा हुकूम सांगितला तेव्हा त्यांनी मान फिरवली. रोज दोन तास ऊन, अंग उघडं टाकून, आणि तेही निदान वर्षभर. त्या म्हणाल्या, दवाखान्यात काय केलं ते केलं, या घरात ते व्हायचं नाही. मागच्या अंगणात गडी येतात, वाटेनं लोक जातात.

आठ दिवस असेच गेले. मला वाटलं, हातात आलेलं सगळं चाललं. एका दुपारी त्या माजघराच्या दाराशी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि शेंगा घेतल्या. वाद घालायचा नाही असं ठरवून मी फक्त सांगत गेले. हा आजार कसा येतो, पायरी कशी चढवत नाही, चाल कशी झुलते, बोटं कशी वळतात, आणि शेवटी कमरेचं हाड दबून मुलाची वाट कशी बंद होते.

त्यांचा हात थांबला.

"झुलत चालत्यात म्हंतेस?"

"हो."

"अन् बोटं अशी?" त्यांनी आपली बोटं जुळवून मनगट आत वळवून दाखवलं. अगदी तशीच. बाधा ठरली ती इतर बायकांच्या सांगण्यावरून, त्यांच्यासमोर मी आखडलेला हात नेहमी पदराखाली लपवत असे. त्यांनी ते कुठं पाहिलं असेल ते मला कळेना.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली लेक तारा, माझी नणंद, मी सासरी येण्याआधीच वारलेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. तीही मोठ्या घरी दिलेली, गोषातल्या. तिसऱ्या वेळी दिवस असताना ती माहेरी आली आणि चालवत नाही म्हणून रडली. तिची चाल बघून सगळे हसले होते. पंधरा दिवसांत आत्याबाईंनीच तिला समजावून सासरी पाठवलं. तिथं ती दोन महिन्यांनी बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

"सासरी काम पडतं म्हून सोंग करते, असं मला वाटलं," त्या म्हणाल्या. "मी तिला परत लावली गं."

त्यांनी उरलेल्या शेंगा सोलल्या, सालं गोळा केली आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गड्यांना बोलावून मागच्या अंगणाला कारवीचा उंच कूड घालून घेतला. संध्याकाळपर्यंत शेणानं सारवूनही झाला. यजमान म्हणाले, आई, हे काय? तर म्हणाल्या, बायकांचं अंगण हाय. पेणच्या स्थळाचं पुन्हा या घरात कुणी नाव काढलं नाही. त्यांनी ते कसं मोडलं हे मी कधी विचारलं नाही.

कुडाआतलं वर्ष

त्या अंगणात मी वर्षभर बसले. निवडणं-टिपणं, मुलींच्या वेण्या, भाजी चिरणं, सगळं तिथं. हळूहळू घरातल्या इतर बायकाही सुपं घेऊन तिथं येऊ लागल्या. हिरी मोळी टाकून झाली की माझ्याबरोबर कुडाच्या कडेनं फेऱ्या घालायची. तिनं मला फार सुनावलं. मी दमले म्हणून थांबले की म्हणे, "चल गं बाय, आजून सांज नाय झाली."

जेवणात नाचणीची भाकरी, तीळ, बारीक सुकी मासळी काट्यासकट, आणि दूध. दुधाचा पेला आत्याबाई समोर उभं राहून रिकामा करवून घेत. पुरुषांच्या आधी. पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडं ऊन कसलं, तेव्हा माशाचं तेल दुप्पट, आणि जरा उघडीप दिसली की कुणीतरी हाक मारायचं.

विचारायला येणाऱ्या बायकांना मी एवढंच सांगते. कंबर आणि मांड्या महिनोन्महिने दुखत असतील, पायरी चढवत नसेल, तर तो आळस नव्हे. रगडून घेऊ नका. डॉक्टरला दाखवा. पाजत्या बाईला दूध आणि ऊन दोन्ही द्या. मुली मोठ्या व्हायला लागल्या की त्यांना आत कोंडू नका, हाडं त्याच वयात भरतात. हे मी वाचून सांगत नाही, माझ्या अंगावरून सांगते.

पुन्हा मुंबई

तीन वर्षांनी मला दिवस राहिले. मी घाबरले होते, यजमान माझ्याहून घाबरले होते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढला. आता कड काळीपांढरी, स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, सुटले. पण त्या म्हणाल्या, हाड घट्ट झालं, सरळ नाही झालं. जसं दबलं होतं तसंच घट्ट झालंय. मूल तिथून येणार नाही, पोट चिरून काढावं लागेल.

हे ऐकून मला वाईट वाटलं, पण जुन्यासारखी भीती वाटली नाही. निदान काय आहे ते ठाऊक होतं. महिनाभर आधीच मला दवाखान्यात ठेवून घेतलं. आत्याबाई स्वतःहून बरोबर आल्या. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदाच आगगाडी पाहिली. ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोट चिरून मूल काढलं. शुद्धीवर आले तेव्हा मुलगी झाल्याचं कळलं. मी आधी आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. त्या बाळाच्या पायाची बोटं मोजत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंची वाकलेली पाठही पाहून घेतली. त्यांना सांगितलं, की म्हातारपणी हाड मऊ होत नाही, ते आतून विरळ होतं, पोखरलेल्या वाशासारखं. वरून सारखं दिसतं आणि जरा पडलं की मोडतं. जे गेलं ते सगळं परत येणार नाही, पण उरलेलं राखता येतं. ओझं उचलू नका, ओल्या जमिनीवर जपून चाला, दूध घ्या, रोज चाला, आणि उन्हात बसा. आत्याबाई म्हणाल्या, माझं आता काय राखायचंय. पण दुसऱ्या सकाळपासून त्या माझ्या खाटेमागं गच्चीवर येऊ लागल्या. पाय लांब करून बसत, पायांवर बाळ पालथं घालत, आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर सरकवून स्वतःच्या नडग्याही उन्हात ठेवत. चाळीस वर्षांत त्यांची नडगी कुणी पाहिली नसेल.

आम्ही निघायच्या आधीच्या आठवड्यात एक नवी पोर आली होती. अठरा-एकोणीस वर्षांची, कुठल्याशा मोठ्या घरची. गच्चीच्या दाराशी येऊन थांबायची. तिथून पुढं येत नसे. आया ओढायच्या, ती चौकट धरून ठेवायची. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. दोन दिवस असंच झालं.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बाळ माझ्याकडं दिलं आणि उठल्या. वाकलेल्या कमरेनं, सावकाश, गच्ची ओलांडून तिच्यापाशी गेल्या. तिच्या चौकटीवरच्या हातावर आपला हात ठेवला. मला वाटलं, आता माझी गोष्ट सांगतील, सून कशी बरी झाली ती. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"ये गं भाईर," त्या म्हणाल्या. "माजी तारा सावलीतच गेली."

तारा कोण ते त्या पोरीला ठाऊक नव्हतं. पण तिनं चौकट सोडली.